तळाची चिठ्ठी

प्रश्नाची चिठ्ठी उघडून सभा चालवणाऱ्या मुलाने मनातल्या मनात वाचली, क्षणभर थबकला आणि हातातल्या गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून दिली. मग घड्याळाकडे पाहत म्हणाला, "वेळ होत आलीये, अजून दोनच प्रश्न घेऊ या." पुढची चिठ्ठी मात्र त्याने मोठ्याने वाचली. देवाची इच्छा काय आहे हे कसं ओळखायचं? हा प्रश्न मला इतक्या सभांमध्ये विचारला गेलाय की उत्तर जिभेवरच असतं. मी ते दिलं. काहींनी माना डोलावल्या, कुणी वहीत लिहून घेतलं. बोलता बोलता माझी नजर सारखी त्या मुलाच्या हाताकडे जात होती. गठ्ठा त्याने इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

शनिवारची संध्याकाळ होती. विद्यापीठातला एक वर्ग ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी मागून घेतला होता. फळ्यावर आधीच्या तासाचं समीकरण अर्धवट पुसलेलं होतं आणि त्याच्यावरच कुणीतरी रंगीत खडूने स्तोत्राचा आकडा लिहिला होता. मागची एक ट्यूबलाइट मध्येच फडफडायची. गिटारची एक तार उतरलेली होती, तरी मुलं मनापासून गात होती. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही; पेशाने सांख्यिकी शिकवते. पण वर्षातून चार-पाच वेळा अशी बोलावणी येतात आणि जमेल तिथे मी जाते. त्या दिवशी मी बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रावर बोलले. पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा 'कोठवर?' असं चारदा विचारतो, आणि विचारतो तो देवालाच. प्रार्थनेत असंही बोलता येतं, हे आपल्या शास्त्रातच लिहून ठेवलंय, असं मी त्या मुलांना तासभर सांगितलं. पुढे पंधरा मिनिटांच्या आत एक चिठ्ठी तळाशी गेली, ती मी डोळ्यांनी पाहिली, आणि गप्प बसले. "खालचीही वाच ना रे," एवढे चार शब्द तर म्हणायचे होते. मग आभार झाले, शेवटची प्रार्थना झाली, हातात एक वही आणि पेन आलं, मला सोडायला येणारी गाडी खाली उभी राहिली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याने आपल्या बायबलमध्ये ठेवला आणि चेन ओढली. चेनचा तो आवाज माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

कारण अशी एक चिठ्ठी मीही सरकवली आहे.

त्याला बत्तीस वर्षं झाली. मी दुसऱ्या वर्षाला होते. आमचा गट जेमतेम अकरा जणांचा, त्यात मुली चार. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी खोलीत नाहीतर जिन्याखालच्या मोकळ्या जागेत जमायचो, एक अध्याय वाचायचो, एकमेकांसाठी प्रार्थना करायचो. सहा महिन्यांतून एकदा पाहुणे बोलवायचे. पाहुणा येणार म्हणजे केवढी धांदल असायची! हाताने रंगवलेली पोस्टरं, खुर्च्यांची जमवाजमव, माइकसाठी कुणाकुणाची मनधरणी, आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला कोण जाणार यावर वाद. त्या वेळी एक निवृत्त शल्यविशारद आले होते. रात्रभर प्रवास करून आलेले, कपाळावर झोपेची रेघ, पण आवाज एकदम ताजा. माझ्याकडे चिठ्ठ्यांचं काम होतं. बुटांच्या खोक्याच्या झाकणात मी त्या गोळा केल्या आणि एकेक करून त्यांच्या हातात देऊ लागले. पाचवी की सहावी चिठ्ठी हिरव्या शाईने लिहिलेली होती. बाबा आजारी होते तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी उपास करून प्रार्थना केली. बाबा गेले. तेव्हापासून इथे गाणी म्हणताना मी नुसते ओठ हलवते. हे पाप आहे का?

मी ती झाकणाच्या कडेला, बाकीच्यांच्या खाली ठेवली. मनात काय आलं ते आजही मला नेमकं सांगता येतं. समोर सात-आठ नवीन चेहरे होते, पहिल्यांदाच आलेले. ते बिचकतील असं वाटलं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होईल असं वाटलं. आणि आत कुठेतरी असंही वाटलं की विश्वास ही वाऱ्यात धरलेली पणती आहे, तिच्यासमोर असलं काही उघडू नये. देवाची बाजू मी सांभाळत होते. त्याला माझ्यासारख्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या आडोशाची गरज आहे असं मी खरोखर धरून चालले होते. रात्री डॉक्टरांना सोडायला आम्ही दोघं-तिघं स्टेशनवर गेलो. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी सहज विचारलं, "सगळ्या चिठ्ठ्या झाल्या ना?" मी म्हटलं, "हो." ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा रुळांकडे पाहू लागले.

मी धरून मुली चारच. म्हणजे ती उरलेल्या तिघींपैकी कुणीतरी, किंवा त्या दिवशी नव्याने आलेली एखादी. तिघींमधल्या एकीकडे हिरवं पेन आहे का, हे प्रयोगवहीवरून सहज कळलं असतं. मी मुद्दाम पाहिलं नाही. पुढच्या सत्रात आमच्यातली एक जण यायची बंद झाली. कारण विचारलं तर अभ्यास म्हणाली. ती चिठ्ठी कितीतरी दिवस माझ्या गीतांच्या पुस्तकात होती. मग पुस्तकच कुठेतरी हरवलं. शाईचा रंग मात्र आठवतो, आणि 'नुसते' हा शब्द, ज्याच्यातला 'नु' तिने दोनदा गिरवला होता.

पाहुण्या वक्त्याचं नेमकं काय काम असतं, याचा विचार मी त्यानंतर फार केला. मुलांना शिकवायला त्यांचे पाळक असतात, घरचे असतात, गटातले दादा-ताई असतात. मग एका संध्याकाळपुरतं येणारं माणूस कशाला हवं? आता मला वाटतं, त्याचं अनोळखी असणं हाच मोठा उपयोग आहे. आपल्या पाळकांना आपण काही विचारलं की तो प्रश्न आपल्या घरात शिरतो. त्यांनी आपला बाप्तिस्मा केलेला असतो, आईला ते दर रविवारी भेटतात. गटातल्या मित्राला विचारलं तर उद्यापासून तो आपल्याकडे निराळ्या नजरेने पाहील ही धास्ती. पाहुण्याला आपलं नाव माहीत नसतं, आणि तो सकाळी निघून जाणार असतो. त्याच्यापुढे माणूस मनातलं काढून ठेवू शकतं. सभा संपल्यावर दाराशी रेंगाळणारी मुलं मी इतक्या वर्षांत ओळखायला शिकले आहे. ती बुटाची नाडी दोनदा बांधतात. भिंतीवरचं जुनं वेळापत्रक वाचत उभी राहतात. खुर्च्या आवरायला मदत करतात आणि प्रत्येक खुर्ची जरा जास्तच हळू मिटतात. नेमक्या त्याच वेळी आयोजक पाहुण्याला घाईघाईने गाडीकडे नेत असतात, आणि त्यातही पाहुण्याची काळजीच असते.

या कामाचा इतिहास वाचताना माझं लक्ष भाषणांपेक्षा दुसऱ्या दिवसाकडे जातं. केंब्रिजमधल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी १८७७ साली आपला संघ काढला आणि १८८२ मध्ये अमेरिकेचे प्रवचनकार डी. एल. मूडी यांना बोलावलं. मूडींचं शालेय शिक्षणही धड झालेलं नव्हतं, आणि समोर बसलेले सगळे विद्यापीठाचे झगे घातलेले तरुण. पहिल्या रात्री त्यांनी मूडींच्या उच्चारांची टर उडवली, हुल्लड केली. पण दुसऱ्या दिवशी त्या हुल्लडीतला एक म्होरक्या मूडी उतरले होते तिथे माफी मागायला गेला. मूडी आठवडाभर तिथेच राहणार होते, म्हणून तर त्याला जाता आलं. मूडींना आमंत्रण देणारा त्या संघाचा अध्यक्ष होता किनॅस्टन स्टड, नामांकित क्रिकेटपटू. तोच स्टड पुढे पाहुणा म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये फिरला आणि जानेवारी १८८६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात बोलायला उभा राहिला. जॉन मॉट नावाचा एक विद्यार्थी, जावं की न जावं अशा मनःस्थितीत, उशिरा तिथे पोहोचला. आत शिरताना त्याच्या कानावर तीनच वाक्यं पडली. स्वतःसाठी मोठाल्या गोष्टींच्या मागे लागला आहेस काय? लागू नकोस. आधी देवाचं राज्य शोध. बाकीचं भाषण त्याला किती आठवत होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तो स्टडला एकट्याने भेटायला गेला आणि त्या भेटीने त्याची वाट ठरली. १८९५ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांची जागतिक संघटना उभी करण्यात हाच मॉट पुढे होता, आणि १९४६ च्या शांततेच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. मी मात्र त्या दुसऱ्या दिवशीच्या खोलीचा विचार करत राहते. दारावर टकटक झाली तेव्हा स्टडने बॅग भरायला घेतली असती तर?

आणि एक गोष्ट ऑक्सफर्डची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. सॉमरव्हिल कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली की नास्तिक लोक जे प्रश्न काढतात त्यांवर आमच्याशी बोलायला कुणी तयारच नसतं. ही तक्रार स्टेला ऑल्डविंकल यांच्याकडे गेली. त्या विद्यार्थिनींमध्ये काम करायच्या. त्यांनी ती तळाशी सरकवली नाही. त्यातून १९४२ मध्ये सॉक्रेटिक क्लब सुरू झाला आणि साहित्य शिकवणारे सी. एस. लुईस त्याचे अध्यक्ष झाले. एकाने ख्रिस्ती बाजूने मांडायचं, दुसऱ्याने ते तपासायचं आणि मग चर्चा सगळ्यांसाठी खुली, अशी तिथली रीत. १९४८ मध्ये एलिझाबेथ ॲन्सकम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी, ज्या स्वतः श्रद्धावान कॅथलिक होत्या, लुईस यांच्याच एका युक्तिवादातली चूक सगळ्यांसमोर दाखवून दिली. 'मिरॅकल्स' या आपल्या पुस्तकातलं ते प्रकरण लुईस यांनी पुढे बदललं; सुधारलेली आवृत्ती १९६० ची आहे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. भर सभेत अध्यक्षांचं म्हणणं खोडलं गेलं, ते विश्वासातल्याच एका बाईने खोडलं, आणि कुणाचाही देव त्यामुळे लहान झाला नाही. एकोणीस वर्षांची असताना हे मला कुणी सांगायला हवं होतं.

मला न आवडणारे पाहुणेही मी पाहिले आहेत, आणि ते सांगायलाच हवं. काही जण येतात ते घोटीव साक्ष घेऊन, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं याची गोष्ट. तीच जागा, तोच हुंदका, दर वेळी. प्रार्थना केली आणि परीक्षेत पहिला आलो, अशी साक्ष ऐकून नापास झालेला मुलगा खोलीवर काय घेऊन परततो? काही जण डोळे मिटायला लावून हात वर करायला सांगतात आणि ते हात मोजतात. मी आकडेवारी शिकवते, म्हणून सांगते, त्या मोजणीतून काहीही कळत नाही. पहिल्या वर्षाचा, घरापासून तुटलेला, कुणाशी धड ओळख नसलेला मुलगा अशा वेळी कशालाही हात वर करेल. त्याच्या एकटेपणाला विश्वास समजून चालणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि विश्वासावरही. सगळ्यात वाईट म्हणजे पोस्टरवर 'व्यक्तिमत्त्व विकास' लिहायचं आणि आत प्रवचन द्यायचं. विद्यापीठात सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारीही मुलं असतात. त्यांनी यावं, ऐकावं, नको वाटलं तर उठून जावं. पण दारातून आत येताना आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना माहीत असलंच पाहिजे. माझं नाव ज्या पोस्टरवर असेल त्यावर येशूचं नाव स्पष्ट असावं, ही माझी एकच अट असते.

बायबलमधला प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हा तोही बोलावलेला वक्ताच होता. तिथल्या विद्वानांनी त्याला अरीयपगाच्या टेकडीवर नेलं आणि म्हणाले, तुझं हे नवं शिक्षण काय आहे ते आम्हाला समजून घ्यायचंय. पौलाने सुरुवात केली ती त्यांच्याच गावातल्या 'अज्ञात देवाला' असं लिहिलेल्या वेदीपासून, आणि मध्ये त्यांच्याच कवीची ओळ घेतली. शेवटी काहींनी थट्टा केली, आणि काही म्हणाले, याविषयी आम्ही तुझं पुन्हा ऐकू. पुढच्याच वचनात पौल तिथून निघून जातो. दिओनुस्य, दामारी आणि आणखी काही जणांनी विश्वास ठेवला असं लिहिलंय. पण 'पुन्हा ऐकू' म्हणणाऱ्यांना पुन्हा कधी कुणी ऐकवलं का, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नाही. लहानपणी हा अध्याय वाचताना मी पौलाबरोबर पुढे निघून जायचे. आता मी त्या टेकडीवर मागे राहिलेल्या लोकांजवळ थांबते. थोडं पुढे एकोणिसाव्या अध्यायात हाच पौल इफिसला तुरन्नाच्या पाठशाळेत रोज चर्चा करताना दिसतो, आणि तिथे तो सलग दोन वर्षं आहे. त्या भाषणांपैकी एकही लिहून ठेवलेलं नाही. अथेन्सचं भाषण सगळ्यांना पाठ आहे. इफिसला मात्र त्याच चेहऱ्यांसमोर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागत होतं, आणि काल न सुटलेला प्रश्न आज पुन्हा समोर येत होता.

मी अथेन्सवालीच. मला सकाळी निघावं लागतं.

चार दिवस चिठ्ठी डोक्यातून गेली नाही, तेव्हा मी त्या मुलाला फोन केला. आधी त्याला वाटलं, मी काहीतरी विसरून आले. मी म्हटलं, "नाही रे. तू एक चिठ्ठी खाली ठेवलीस ना, ती मी पाहिली होती." पलीकडे एकदम शांत झालं. होस्टेलच्या व्हरांड्यात असावा. मागे बादल्यांचा आणि कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. मग तो चालत कुठेतरी लांब गेला असावा, कारण ते आवाज विरले. "मॅडम, तुम्हाला राग आला का?" मी नाही म्हटलं, आणि त्याला हिरव्या शाईच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. स्टेशनवरचा तो 'हो'सुद्धा. हे मी याआधी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना माझा आवाज कापतोय हे मलाच ऐकू येत होतं.

मला वाटलं होतं, तो म्हणेल, पाहुण्यांना कसं विचारायचं असं वाटलं. मी माझंच कारण त्याच्या तोंडी घालून बसले होते. तो म्हणाला, "मॅडम, मी अक्षर ओळखलं. माझ्या रूममेटचं आहे. तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही, आमच्या मजल्यावरची सगळी पोरं ओळखतात. मोठ्याने वाचलं असतं तर जे लिहिलंय त्यावरून सगळ्यांना कळलं असतं." जरा थांबून म्हणाला, "आणि मला माहीतच नव्हतं. दोन वर्षं एका खोलीत राहतोय आम्ही. रोज सकाळी एकत्र प्रार्थना करतो. मला काहीच माहीत नव्हतं."

"त्याला कळलंय का, तू वाचलंस ते?"

"माहीत नाही. आता तो दिवा लवकर मालवतो. मीही काही बोलत नाही." मग एकदम म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला वाचून दाखवू? तुम्ही उत्तर सांगा, मी त्याला सांगतो. किंवा तुम्हीच बोला त्याच्याशी, मी नंबर देतो."

खरं सांगायचं तर तोंडावर 'दे' आलंच होतं. बत्तीस वर्षांची एक चिठ्ठी अशी परत हातात येत होती. मी खिडकीपाशी उभी होते. काचेवर माझाच हात टेकलेला दिसत होता. त्या मुलाने लिहिलं ते पाहुण्यासाठी, ज्या बाईला आपलं नाव माहीत नाही तिच्यासाठी. आणि आता मी त्याच्या खोलीत फोनवरून, नावानिशी, त्याच्या मित्राच्या मागून शिरणार. मी म्हटलं, "आत्ता मला वाचून दाखवू नकोस. आधी तू त्याला सांग, की चिठ्ठी तुझ्याकडे आहे आणि का वाचली नाहीस. मग त्याने हो म्हटलं तर मला कधीही फोन करा. रात्रीसुद्धा. मी उचलेन."

"पण त्याने मला विचारलं तर मी काय सांगू? मला याचं उत्तर येत नाही."

"ते तेरावं स्तोत्र आहे ना," मी म्हटलं, "त्यातही 'कोठवर'चं उत्तर दिलेलं नाही. सहाच वचनं आहेत. दोघं मिळून वाचा. नाहीतर नुसता बस त्याच्याजवळ."

तो बराच वेळ गप्प होता. मग "प्रार्थना करा, मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवला. मी केली. त्या रात्री केली, दुसऱ्या रात्री केली. फोन उशाशी ठेवून झोपले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी वर्गात जाता जाता त्याचा मेसेज दिसला. पहाटे पावणेतीनला पाठवलेला होता.

"बोललो. तो खूप रडला, मीपण. अजून जागेच आहोत. तो म्हणतोय तुमचा नंबर असू दे, पण फोन आत्ता नको."